आकाश मागून घ्यावे लागते

२३ ऑगस्ट २०२३ ची संध्याकाळ. चंद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरत होते आणि छावणीतील एका स्नेह्यांच्या घरी आम्ही दहा-बारा माणसे दूरचित्रवाणीसमोर श्वास रोखून बसलो होतो. यान टेकले. टाळ्या झाल्या, पेढे फिरले, गल्लीत फटाके वाजले. त्या गडबडीत घरातील दहा वर्षांच्या मुलाने वडिलांना विचारले, "पप्पा, तुम्ही लहान असताना टीव्हीवर असलं काही असायचं का?" वडील हसून म्हणाले, "खरं यान नव्हतं रे. पण यानाच्या गोष्टी होत्या." आणि त्यांनी बोटांवर नावे मोजली : स्टार ट्रेक, जायंट रोबोट, इंद्रधनुष, स्पेस सिटी सिग्मा, कॅप्टन व्योम. मुलाने लगेच दुसरा प्रश्न टाकला, "मग आता का नाहीत?"

त्या खोलीतील कोणापाशीच या प्रश्नाचे उत्तर नव्हते. प्रस्तुत लेख त्या उत्तराच्या शोधात लिहिला आहे. तो लिहिताना जुन्या मालिकांचे गोडवे गाण्याचा मोह आम्ही शक्यतो टाळणार आहोत. कारण आठवणीला जे गोड लागते ते सगळेच पुन्हा पडद्यावर यावे, असे मुळीच नाही. काय परत यावे, काय नाही आले तरी चालेल, आणि जे यावे ते कोणत्या रूपात यावे, याचा थोडा विवेक करावा, एवढाच हेतू आहे.

दूरदर्शनचे मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. पण आम्हां मराठवाड्यातील मंडळींच्या घरी चित्र दिसायला ऐंशीचे दशक उजाडावे लागले. म्हैसमाळच्या डोंगरमाथ्यावर मनोरा उभा राहिला आणि तेव्हाच्या औरंगाबादेतील, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरातील, पत्र्याच्या छपरांवर अँटेनाच्या काड्या त्या दिशेला माना वळवून उभ्या राहिल्या. संच मोजक्या घरांत होते. ज्या घरी संच असे त्या घरी रविवारी सकाळी अर्धी गल्ली जमे. वाळूजच्या कारखान्यात रात्रपाळी करून आलेले वडील खाटेवर, आई दारापाशी भाजी निवडत, आणि जमिनीवर मुलांची रांग. मिस्सेला गेलेल्या मुलांची मात्र पंचाईत होई. फादरांचा उपदेश लांबला की बाकांवर चुळबुळ सुरू व्हायची, आणि शेवटचे गीत संपते न संपते तोच सायकली सुटायच्या. त्या चुळबुळीत आम्हीही सामील होतो, हे आज कबूल करायला हरकत नाही.

त्या काळात दूरदर्शनने दोन परदेशी मालिका दाखविल्या आणि त्या दोन्हींनी आमच्या पिढीच्या मनावर खोल ठसा उमटविला. पहिली 'स्टार ट्रेक'. अमेरिकेत १९६६ ते १९६९ या तीन वर्षांत तयार झालेल्या या मालिकेचे ७९ भाग आहेत. आमच्यापैकी बहुतेक मुले मराठी माध्यमाची. इंग्रजी संवाद डोक्यावरून जात. तरीही एक गोष्ट भाषेवाचून कळे. त्या यानाच्या नियंत्रणकक्षात एक कृष्णवर्णीय स्त्री अधिकारी होती, एक जपानी वंशाचा चालक होता, पुढे एक रशियन तरुण आला, आणि टोकदार कानांचा परग्रहवासी स्पॉक तर कप्तानाच्या उजव्या हाताला उभा असे. अमेरिका आणि रशिया एकमेकांवर अण्वस्त्रे रोखून बसले असताना, आणि खुद्द अमेरिकेत वर्णभेदाचा झगडा पेटलेला असताना, कुणीतरी असे भविष्य चितारले होते की जिथे ही सगळी माणसे एकाच यानात, एकाच कामासाठी बसली आहेत. यानाचे दरवाजे लाकडी फळ्यांचे होते आणि परग्रहावरचे खडक नकली होते. पण हे भविष्य खरे वाटत होते.

दुसरी मालिका जपानी, १९६७ सालची. आपल्याकडे ती 'जायंट रोबोट' या नावाने ओळखली गेली. एका लहान मुलाच्या मनगटावरच्या घड्याळातून एक प्रचंड यंत्रमानव हुकूम घेतो, एवढीच कल्पना. दर आठवड्यास एक राक्षस, दर आठवड्यास एक मारामारी. कलाकृती म्हणून तिचे मोल फार नाही. परंतु शेवटच्या भागात तो यंत्रमानव पहिल्यांदाच मुलाची आज्ञा मोडतो. पृथ्वी वाचविण्यासाठी शत्रूला कवेत घेऊन अंतराळात झेपावतो आणि स्वतः नष्ट होतो. मुलगा "परत ये" म्हणून ओरडत राहतो. त्या रविवारी आमच्या गल्लीतील किती मुले रडली, ते आम्ही पाहिले आहे. प्रेमापोटी केलेला त्याग ओळखायला मुलांना कोणी शिकवावे लागत नाही. पुढे यंत्रमानवांच्या शेकडो कथा आल्या, कितीतरी अधिक सफाईदार आल्या. पण ज्या यंत्राला आज्ञा मोडण्याइतके हृदय होते, ते यंत्र तेवढे एकच लक्षात राहिले.

आता आपल्या घरच्या मालिकांकडे वळू. येथे आमची तराजू थोडी कडक आहे, कारण घरच्यांना दयेचे गुण देऊ नयेत.

'स्पेस सिटी सिग्मा' ही दूरदर्शनवरील हिंदी मालिका उघडउघड 'स्टार ट्रेक'च्या छायेत वाढली. चकचकीत पोशाख, दिवे लुकलुकणारा नियंत्रणकक्ष, आणि जखाकू नावाचा खलनायक. जखाकू गल्लोगल्ली लोकप्रिय झाला. मुले एकमेकांना त्याच्या नावाने हाका मारीत. पण आज शांतपणे पाहिले तर असे दिसते की, सिग्माकारांनी 'स्टार ट्रेक'चे यान उचलले आणि त्या यानातला प्रश्न तिथेच ठेवला. मूळ मालिकेत प्रत्येक ग्रहावर एखादा नैतिक पेच उभा राही : युद्ध थांबवायचे की नाही, परक्यांच्या जीवनात हात घालायचा की नाही, जे आपल्यासारखे दिसत नाही त्याला जीव मानायचे की नाही. सिग्मामध्ये मुख्यतः चांगले आणि वाईट यांची लढाई होती, आणि तिचा निकाल पहिल्या मिनिटालाच ठरलेला असे. ही मालिका जपून ठेवावी, अधूनमधून हौसेने दाखवावी. पण तिचे नव्याने निर्माण करण्यात काही हशील नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

'कॅप्टन व्योम' १९९८ साली आली. केतन मेहता यांचे दिग्दर्शन, मिलिंद सोमण नायक. काळ इसवी सन २१२३. साऱ्या पृथ्वीचे एकच शासन आहे, आणि भयंकर गुन्हेगारांसाठी गुरूच्या आयो या उपग्रहावर तुरुंग बांधला आहे. तिथून गुन्हेगार पळतात आणि त्यांना पकडण्याचे काम व्योमवर येते. ही निवड मोठी मार्मिक होती. १९७९ मध्ये व्हॉयेजर-१ हे यान गुरूजवळून गेले, तेव्हा आयोवर जिवंत ज्वालामुखी असल्याचे उघडकीस आले. पृथ्वीबाहेर जागता ज्वालामुखी दिसण्याची ती पहिलीच वेळ. अशा धगधगत्या गोळ्यावर तुरुंग बांधण्याची कल्पना ज्याला सुचली त्याने विज्ञानाचे वर्तमानपत्र वाचले होते, हे नक्की. संगणकावर काढलेली दृश्ये आपल्या दूरचित्रवाणीला तेव्हा नवीन होती. ती कच्ची होती आणि आम्ही त्यांना मनसोक्त हसलो. आज त्या हसण्याची थोडी लाज वाटते. परदेशी मालिकेच्या पुठ्ठ्याच्या खडकांना आम्ही माफी दिली होती. आपल्या माणसाच्या अपुऱ्या यानाला मात्र दिली नाही. व्योमची खरी उणीव चित्रांत नव्हती, कथेत होती. पाठलाग संपला की कथा संपे. ज्या विश्वशासनाच्या वतीने हा नायक लढतो ते शासन न्यायी आहे काय, हा प्रश्न मालिकेला फारसा पडलाच नाही. नव्याने कोणी ही मालिका करणार असेल तर त्याने सुरुवात याच प्रश्नापासून करावी. तसे झाले तर ती जरूर यावी.

आणि आता 'इंद्रधनुष'. १९८९ साली दूरदर्शनवर आलेली, आनंद महेंद्रू यांनी दिग्दर्शित केलेली ही बालमालिका. गिरीश कार्नाड, विक्रम गोखले यांच्यासारखे कसलेले नट, आणि मुलांच्या व तरुणांच्या भूमिकांत उर्मिला मातोंडकर, आशुतोष गोवारीकर, करण जोहर अशी पुढे मोठी झालेली नावे. अप्पू आणि त्याचे मित्र मिळून एक संगणक जुळवितात. देवयानी दीर्घिकेतील एक पाहुणा त्या संगणकाच्या वाटेने त्यांच्या आयुष्यात येतो. आणि मग काळाचाही प्रवास घडतो. १९८९ साली आमच्या शहरातील किती मुलांनी संगणक डोळ्यांनी पाहिला होता? फारच थोड्या. तरीही ही मालिका परकी वाटली नाही. कारण तिथे मुले अंतराळात गेली नव्हती, अंतराळ मुलांच्या घरी आले होते. ज्या घरात आई जेवायला हाक मारते, परीक्षेची भीती असते, त्याच घराच्या एका कोपऱ्यात दुसऱ्या दीर्घिकेचे दार उघडते. सिग्मा आणि व्योम यांनी मुलांना शूर योद्धा दाखविला. इंद्रधनुषने त्यांना स्क्रू-ड्रायव्हर हातात घेतलेली आपल्याच वयाची मुले दाखविली. योद्ध्याचे कौतुक करून मूल झोपी जाते. जुळवाजुळव करणारी मुले पाहून ते दुसऱ्या दिवशी जुना रेडिओ उघडून बसते. आमच्या लेखी पुनरुज्जीवनाचा पहिला मान या मालिकेचा आहे.

पुनरुज्जीवन या शब्दाचे तीन अर्थ येथे वेगळे करणे आवश्यक आहे. पहिला, जुने भाग पुन्हा दाखविणे. हे किती सोपे आहे ते २०२० च्या टाळेबंदीत आपण सर्वांनी पाहिले. २८ मार्च २०२० पासून 'रामायण' पुन्हा सुरू झाले, पाठोपाठ 'महाभारत' आले, 'ब्योमकेश बक्षी' आणि 'शक्तिमान' आले. एप्रिलमध्ये तर जुन्या कार्यक्रमांसाठी 'डीडी रेट्रो' ही वेगळी वाहिनीच निघाली. घरातील तीन पिढ्या पुन्हा एका पडद्यासमोर बसल्या. इच्छा असली की कपाट उघडते, एवढाच याचा अर्थ.

दुसरा अर्थ, जुन्या पात्रांना नव्या काळात आणणे. मराठीत याचे चांगले उदाहरण आहे. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे १९८७ च्या सुमारास सुमीत राघवनच्या रूपाने दूरदर्शनवर आला आणि २०१७ मध्ये अमेय वाघच्या रूपाने मोठ्या पडद्यावर. या चित्रपटात बनेश मोठा झाला होता, आणि वैद्यकीय प्रवेशपरीक्षेतील गैरव्यवहार शोधत होता. पात्र तेच, उचापती स्वभाव तोच, काळाचा प्रश्न मात्र आजचा. असे झाले तर नव्या निर्मितीला अर्थ आहे.

तिसरा अर्थ सर्वांत महत्त्वाचा : एखाद्या समाजाची भविष्याविषयी गोष्ट सांगण्याची सवय पुन्हा जागी करणे. इंग्लंडमध्ये 'डॉक्टर हू' ही मालिका २३ नोव्हेंबर १९६३ रोजी सुरू झाली, १९८९ साली बंद पडली, आणि सोळा वर्षांनी, २००५ मध्ये, नव्या दमाने परतली. ती परतली ती प्रेक्षकांनी तिला मनातून जाऊ दिले नाही म्हणून. सुरुवातीच्या काळात चित्रफिती महाग असत. जुने भाग पुसून त्याच फितींवर नवे कार्यक्रम घेत. त्यामुळे साठच्या दशकातील कितीतरी भाग नाहीसे झाले. परंतु त्या काळी काही प्रेक्षकांनी घरच्या टेपरेकॉर्डरवर संचासमोर ध्वनिमुद्रण करून ठेवले होते. तो आवाज पुढे उपयोगी पडला. त्याच्या आधारे हरवलेले काही भाग चित्रांकित रूपात पुन्हा उभे करता आले. 'स्टार ट्रेक'चेही तेच. दुसऱ्या वर्षानंतर ती बंद होणार अशी हवा उठली, तेव्हा प्रेक्षकांनी वाहिनीकडे पत्रांचा पाऊस पाडला आणि मालिकेला तिसरे वर्ष मिळाले. तीन वर्षांनी ती संपली खरी. पण तिच्यावर जीव टाकणारे लोक संपले नाहीत, आणि १९८७ मध्ये ती नव्या पिढीचे यान घेऊन परत आली.

आता, वाचकहो, स्वतःकडे पाहू. आपण किती पत्रे लिहिली? आपल्याला पत्रे लिहिता येत नव्हती असे नाही. नव्वदच्या दशकात 'सुरभि' या कार्यक्रमाच्या प्रश्नमंजूषेसाठी देशभरातून लाखोंनी पोस्टकार्डे जात. त्यात आमच्या छावणीतून, सिडकोतून, जालन्यातून गेलेलीही होती. बक्षिसासाठी आपण लिहिले. इंद्रधनुष संपली तेव्हा "आणखी दाखवा" म्हणून पंधरा पैशांचे एक कार्ड आम्ही टाकले नाही. मुलाच्या त्या प्रश्नाचे उत्तर बहुधा इथेच आहे. वाहिनीवाल्यांना दोष देणे सोपे. पण जे कुणी मागितलेच नाही ते बंद पडले, यात नवल कसले? देवळाबाहेर, बाजारात, कचेरीत आपण रोज बोलत होतो ते सासू-सुनांच्या मालिकांविषयी. आणि मग सासू-सुनांच्याच मालिका आल्या.

याहून मोठी खंत मराठीपुरती आहे. वर सांगितलेल्या मालिकांपैकी एकही मराठी नाही. आणि विज्ञानकथेचे साहित्य मात्र आपल्या भाषेत भरघोस आहे. मराठी विज्ञान परिषद १९६६ साली स्थापन झाली. तिच्या विज्ञानकथा स्पर्धेत १९७४ साली 'कृष्णविवर' ही कथा पहिली आली. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. नाव खोटे होते. नाव उघडे ठेवले तर परीक्षकांवर दडपण येईल, म्हणून डॉ. जयंत विष्णु नारळीकर यांनी आपली आद्याक्षरे उलटी फिरवून ते घेतले होते. पुढच्याच वर्षी कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षा दुर्गा भागवत यांनी या नव्या कथाप्रकाराची आवर्जून दखल घेतली. लक्ष्मण लोंढे, बाळ फोंडके, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर अशी एक फळीच मग उभी राहिली. एवढे धान्य कोठारात असताना मराठी दूरचित्रवाणीच्या चुलीवर त्याचा भात फारसा शिजला नाही.

नारळीकरांविषयी आमच्या वाचकांना एक गंमत सांगण्याजोगी आहे. विश्वाचा आरंभ एका आदिम अणूपासून झाला, ही कल्पना १९३१ साली मांडणारे जॉर्ज लमेत्र हे बेल्जियमचे कॅथलिक धर्मगुरू होते. तिलाच पुढे महास्फोटाचा सिद्धांत म्हणू लागले. नारळीकर आणि त्यांचे केंब्रिजमधील गुरू फ्रेड हॉइल यांनी आयुष्यभर या सिद्धांताशी वाद घातला. म्हणजे विश्वाच्या आरंभाच्या प्रश्नावर ते एका धर्मगुरूच्या विरुद्ध पक्षात होते. पण हा वाद गणिताने आणि निरीक्षणांनी चालला, शिव्याशापांनी नव्हे. दूरदर्शनवर 'ब्रह्मांड' ही मालिका घेऊन हाच माणूस सामान्य प्रेक्षकांसमोर आला. २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांच्या कथांची मालिका करणे, ही त्यांना वाहिलेली योग्य श्रद्धांजली ठरेल.

कोणत्या कथा? आम्ही तीन सुचवितो. 'उजव्या सोंडेचा गणपती' या कथेत एकही अग्निबाण उडत नाही. एक क्रिकेटपटू, एक सामना आणि एक गणेशमूर्ती. आणि आरशातल्या प्रतिमेप्रमाणे डाव्याचे उजवे करणारी अवकाशाची एक घडी. मूर्तीची सोंड दुसऱ्या बाजूला वळलेली दिसते, तेव्हा वाचकाच्या अंगावर काटा येतो. हे दाखवायला खर्च तो कितीसा? एका मूर्तीऐवजी दोन मूर्ती घडवाव्या लागतील, इतकाच.

'धूमकेतू' या कथेवर पूर्वी बालचित्र समितीने चित्रपट केला होता. एका हौशी खगोलप्रेमी गृहस्थाला नवा धूमकेतू सापडतो. तो पृथ्वीवर आदळणार असे गणित सांगते. जगभरचे शास्त्रज्ञ गुप्तपणे त्याची वाट वळवितात. इकडे त्या गृहस्थाची पत्नी अरिष्ट टळावे म्हणून यज्ञ करविते. धूमकेतू निघून जातो, आणि यज्ञाने संकट टळले असे घरच्यांना वाटते. ही कथा वाचून त्या बाईंना हसण्याची घाई आपण करू नये. पाऊस लांबला की आपणही मेणबत्त्या लावतो, नोव्हेना करतो, आणि पाऊस आला की दोन्ही गोष्टींची सांगड घालतो. प्रार्थना ही देवाशी केलेली सोबत आहे, धूमकेतूची वाट मोजण्याचे ते यंत्र नव्हे. हा भेद घरातील सर्वांनी मिळून, न भांडता, बोलण्यासारखा आहे. आणि एखादी चांगली मालिका असे बोलणे जेवणाच्या ताटावर आणून ठेवते.

तिसरी 'वामन परत न आला'. ही कादंबरी १९८६ ची आहे, हे आज वाचताना खरे वाटत नाही. जमिनीच्या पोटात एका लुप्त, प्रगत संस्कृतीचा ठेवा सापडतो. त्यातील ज्ञानाच्या बळावर माणसे वामन नावाचा बुद्धिमान यंत्रमानव घडवितात. ती संस्कृती आपल्याच बुद्धिमान यंत्रांपायी नष्ट झाली होती, हे मागाहून कळते. आणि इकडे वामनाला आपल्यासारखे आणखी वामन हवे असतात. तीन पावलांपुरती जमीन मागणाऱ्या बटूची पुराणकथा इथे किती नेमकी बसली आहे! यंत्र लहानसेच मागते, देणारा हसत देतो, आणि तिसरे पाऊल कुठे पडणार हे त्याला उशिरा उमगते. आज आपली मुले शाळेचा निबंध यंत्राकडून लिहून घेऊ लागली असताना, या कादंबरीची मालिका व्हावी हे आम्हांला सर्वांत निकडीचे वाटते.

नारळीकरांच्या कथांत दोष नाहीत असे नाही. त्यांची पात्रे बोलतात कमी आणि समजावून सांगतात अधिक. स्त्रियांना त्यांत पुरेसे काम मिळत नाही. घराचे वास, भांडणे, लाजणे, लोभ यांना कथेत क्वचितच जागा आहे. म्हणून जशीच्या तशी कथा कॅमेऱ्यासमोर ठेवली तर ती वर्गातील तासासारखी होईल. तिथे नाटककार हवा; इंद्रधनुषमधले घर आणि नारळीकरांचा विचार यांचे लग्न लावणारा कुणीतरी हवा. पैशाची सबब आम्हांला पटत नाही. आरती कडव यांचा 'कार्गो' हा हिंदी चित्रपट २०२० मध्ये नेटफ्लिक्सवर आला. मेलेल्या माणसांना पुनर्जन्मासाठी तयार करणारे एक यान आणि त्यावर एकटाच कारकुनी करणारा राक्षस. यान अगदी साधे, यंत्रे जुनाट. पण कल्पना इथल्या मातीची, म्हणून चित्रपट मनात राहतो.

आणि नेपथ्याचे म्हणाल, तर आम्हां मराठवाड्याच्या माणसांच्या दारातच ते तयार आहे. जालन्यामार्गे गेले की लोणारचे सरोवर येते. उल्का काळ्या बेसाल्ट खडकावर आदळून झालेले, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर. चंद्रावरील विवरे समजून घेण्यासाठी शास्त्रज्ञ त्याच्याकडे धाव घेतात. जून २०२० मध्ये याच सरोवराचे पाणी एकाएकी गुलाबी झाले. खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळे तो रंग आल्याचे पुढे स्पष्ट झाले; पण पहिल्या सकाळी काठावर उभ्या असलेल्या गुराख्याला काय वाटले असेल? मराठी विज्ञानमालिकेचा पहिला भाग तिथूनच सुरू होऊ शकतो. त्यासाठी आयोवर जायची गरज नाही.

शेवटी, आपल्या हाती काय आहे ते सांगून हा लेख संपवितो. ऐंशी-नव्वदच्या दशकात आखाती देशांतल्या नातेवाइकांनी आणलेले व्हीसीआर आपल्या कितीतरी घरांत होते, आणि रविवारच्या मालिका त्यांवर उतरवून घेतल्या जात. माळ्यावरच्या ट्रंकेत, लग्नाच्या कॅसेटींच्या खाली, इंद्रधनुषचा एखादा भाग पडलेला असू शकतो. चुंबकीय फीत कायमची टिकत नाही; बुरशी लागते, चित्र विरत जाते. ती फेकण्याआधी एकदा पाहा, आणि जाणत्या माणसाकडून तिची प्रत करून घ्या. दुसरे, सह्याद्री वाहिनीला पत्र लिहा. "काहीतरी चांगले दाखवा" असे मोघम लिहू नका. कथेचे नाव लिहा, लेखकाचे नाव लिहा. तिसरे, नाताळच्या कार्यक्रमात आपली मुले दरवर्षी नाटुकले करतात. एखाद्या वर्षी वामनाची गोष्ट त्यांच्याकडून बसवून घ्या. पुठ्ठ्याचा यंत्रमानव चालेल. आम्ही या वेळी हसणार नाही.

त्या संध्याकाळच्या मुलाला आम्ही अजून उत्तर दिलेले नाही. परवा तो भेटला तेव्हा त्याला एवढेच म्हणालो, "बाळा, आम्ही मागितलं नाही, म्हणून नाहीत." तो थोडा वेळ विचारात पडला आणि म्हणाला, "मग आपण मागू या की."